बॉर्डरलाइन शुगर आलीये, व्हिटॅमिन डी, फिश ऑइल आणि कारल्याच्या कॅप्सूल सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.१ टक्के आली, वडिलांना डायबिटीस आहे, तुम्ही स्वतः काही जाड नाही, आणि ऑफिसमधल्या एकाने व्हिटॅमिन डी, फिश ऑइल आणि कारलं-जांभूळ कॅप्सूल असा कोर्स सांगितलाय. मी डॉक्टर नाही, पण पाच वर्षांपूर्वी माझी ६.२ होती आणि आईची शुगर मी वीस वर्षं घरात बघितलीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते "जाड नाही" वालं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी, आणि आपल्याकडे तो अंगाने बारीक माणसांनाही होतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सेम, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे वजनकाट्यावर सारखेच, आतून वेगळे. त्यामुळे काट्यापेक्षा टेप घ्या, कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत पाहिजे आणि बायकांना ८०.

आता नक्की कशाने फरक पडतो. अमेरिकेत ३,२३४ प्रीडायबिटीसवाल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये रिझल्ट आला. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं ज्यांना शिकवलं त्यांच्यात डायबिटीस ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. पण मला स्वतःला जास्त जवळचा वाटतो तो चेन्नईचा अभ्यास, कारण ती आपल्यासारखीच भात खाणारी, बैठं काम करणारी माणसं. ५३१ जणांमध्ये ज्यांना फक्त नेहमीचा साधा सल्ला दिला त्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबिटीस झाला, आणि ज्यांनी रोज अर्धा तास चालणं आणि खाण्यात बदल केला त्यांच्यात ३९ टक्के, आणि यात विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं तरी हा फरक पडला. मला त्या वेळी याचाच सगळ्यात धीर आला कारण माझं वजन तीन महिने हललंच नव्हतं आणि मी सोडून द्यायच्या बेतात होते.

कारण साधं आहे. जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिला जायला मोठी जागा म्हणजे आपले स्नायू, आणि चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ती ओढून घेतात. आपल्या आजी-आजोबांची जेवणानंतरची शतपावली हेच करायची. मी दुपारी आणि रात्री जेवून लगेच १५ मिनिटं चालते, टीव्ही नंतर. सोबत आठवड्यातून तीनदा उठाबशा आणि भिंतीला हात टेकून दंड, कारण स्नायूच कमी असतील तर साखर जाणार कुठे.

खाण्यात मी काही डाएट वगैरे केलं नाही. सकाळचे नुसते पोहे बंद, आता अर्धे पोहे आणि बाजूला वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी. दिवसातले पाच चहा होते, प्रत्येकात दोन चमचे साखर, ते दोनवर आणले आणि अर्धा चमचा. उपवासाची साबुदाणा खिचडी सोडली, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्याऐवजी भगर थोडी आणि दही-दाण्याची आमटी भरपूर. आठ महिन्यांनी ५.८ आली, आता ५.६ ते ५.८ मध्ये असते.

आता सप्लिमेंट. व्हिटॅमिन डीवर नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत २,४२३ प्रीडायबिटीसवाल्यांना रोज ४,००० युनिट देऊन बघितलं, २०१९ ला रिझल्ट आला, डायबिटीस टळण्यात ठोस फरक दिसला नाही. तुमची डी कमी असेल तर डॉक्टर देतील तेवढी जरूर घ्या, हाडांसाठी ती लागतेच, पण शुगरसाठी म्हणून नको. फिश ऑइलने पण डायबिटीस टळत नाही. आणि "घेतलं तर काय नुकसान आहे" हे तर कुणीच म्हणू नये. फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनची गोळी कॅन्सर टाळेल म्हणून तपासली, तर १९९४ मध्ये कळलं की ती घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त झाला. गाजरात असतं तेच द्रव्य, पण गोळीत वेगळंच वागलं.

कारल्याची भाजी खुशाल खा. पण कॅप्सूलबद्दल मला राग आहे तो उगाच नाही. आईला एका विक्रेत्याने अशीच एक पावडर दिली आणि सांगितलं शुगर मुळापासून जाते, गोळ्या बंद करा. तिने आम्हाला न सांगता अडीच महिने गोळ्या बंद ठेवल्या. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती भरेचना, तपासली तेव्हा रक्तातली त्या वेळची शुगर ३८० च्या वर, आणि शेवटी तो अंगठा काढावा लागला. बिचारी शेवटपर्यंत म्हणायची की पावडर चांगली होती, मीच पथ्य मोडलं.

एक गोळी मात्र खरंच महत्त्वाची असू शकते, बी १२, आणि ती तुमच्यापेक्षा तुमच्या वडिलांना. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतली की बी १२ शरीरात कमी शोषली जाते, त्यात माणूस शाकाहारी असेल तर ती आधीच कमी असते. मग पायाला मुंग्या येतात आणि घरचे म्हणतात शुगरमुळेच असणार. तुमचे वडील मेटफॉर्मिनवर असतील तर पुढच्या वेळी रक्त द्यायला जाताना डॉक्टरांना विचारून तेवढी एक टेस्ट वाढवून घ्या. आणि तुमची स्वतःची तीन महिन्यांची शुगर परत तीन महिन्यांनी करा, त्याआधी केली तर मधल्या काळातल्या बदलाचा पूर्ण परिणाम त्यात दिसणार नाही.