झाडं नाहीत, तळं नाही, मग अवघड काय?

प्रश्न : मी बडोद्याला वाडीत राहतो. निवृत्तीनंतर लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात गोल्फ शिकलो. मुलगा एडिनबरोला आहे, जूनमध्ये त्याच्याकडे जाणार आहोत. तो सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर नेतो म्हणतो. टीव्हीवर तर ते मैदान उघडं माळरानच दिसतं. एवढं नाव कशाचं? आणि आम्हाला आत सोडतील का?

उत्तर : काका, राजवाड्याच्या त्याच मैदानावर मीही बरीच वर्षं खेळले, त्यामुळे तुमची शंका पटते. आपल्याकडे चेंडू झाडात गेला की फटका वाया गेला, हे डोळ्यांना दिसतं. तिथे नेमकं तेच दिसत नाही. समुद्र आणि शेतं यांच्यामधल्या वाळूच्या, खुरट्या गवताच्या पट्ट्याला लिंक्स म्हणतात. जमीन इतकी टणक की चेंडू पडल्यावर थांबायचं नाव घेत नाही. लहानशा उंचवट्याला लागून कुठच्या कुठे घरंगळतो. त्यात वारा. जाताना पाठीशी असलेला वारा परतेपर्यंत कधी फिरेल, सांगता येत नाही.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तर जवळ जाईपर्यंत दिसतही नाहीत. मी एकाच्या काठाशी वाकून पाहिलं : भाकऱ्यांची चवड रचावी तशी गवताच्या थरांची उभी भिंत. सतराव्या होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या सतराव्या खड्ड्यापर्यंतच्या टप्प्यातल्या, बंकरची गोष्ट ऐका. 1978च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत जपानचे नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचले होते. पट केला, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलला, तो उतारावरून घरंगळून त्या बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके लागले, चार फटक्यांत संपवायच्या होलला नऊ झाले. 2022मध्ये त्याच बंकरमागे अडकलेल्या कॅमेरॉन स्मिथने चेंडू उचलून मारलाच नाही. पट करायची काठी, पटर, घेतला, बंकरला वळसा घालून चेंडू ग्रीनवर नेला, पार वाचवला, म्हणजे ठरलेल्या चार फटक्यांतच होल संपवला, आणि ओपन जिंकली. त्या मैदानावर ताकदीपेक्षा जमिनीचा उतार वाचणं मोठं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आत सोडतील का. हे मैदान कुठल्या क्लबच्या मालकीचं नाही, ते गावाचं आहे. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी तिथे ससे पाळायची सोय करून घेतली, पण गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क सनदेत मान्य केला. पुढे 1797मध्ये नगरपालिकेचं दिवाळं निघालं, जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. बिळांनी मैदानाची चाळण झाली. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वीस वर्षं कोर्टकज्जे आणि मारामाऱ्या चालल्या. शेवटी 1821मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी वाचवली. मला या मैदानाच्या इतिहासातलं हे सगळ्यात प्रिय पान आहे. जगभर अठरा होल असतात तेही इथलंच : पूर्वी फेरी 22 होलची होती, 1764मध्ये पहिल्या चार आखूड होलचे दोन केले. जाता-येता तेच होल खेळत, म्हणून 22चे 18 झाले. आजही सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे दोन होलना मिळून एकच ग्रीन. त्यांवरच्या दोन झेंड्यांच्या आकड्यांची बेरीज करून पाहा, दर वेळी 18च येते.

खेळायचं असेल तर मुलाला आधीपासून चौकशी करायला सांगा, गर्दी फार असते. पण माझं ऐकाल तर रविवारी जा. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी या मैदानावर, म्हणजे ओल्ड कोर्सवर, खेळ बंद असतो आणि गाव तिथे फिरायला येतं. मी गेले तेव्हा ग्रीनच्या कडेने कुत्री पळत होती, बायका बाबागाड्या ढकलत होत्या. स्विल्कन ओढ्यावरच्या लहानशा दगडी पुलावर मीही उभी राहिले. कोणी हटकलं नाही.

काकूंनाही न्या. शेजारीच बायकांच्या पटिंग क्लबचं, 1867पासूनचं, उंचसखल हिरवळीचं मैदान आहे. त्याला सगळे हिमालय म्हणतात. थोडे पैसे भरून कोणालाही खेळता येतं, फक्त वेळ आधी विचारून घ्या.