थंडीत कुठल्या झाडाचं पाणी तोडायचं?

प्रश्न : माझ्याकडे दहा इंची कुंडीत चार वर्षांचं अडेनियम (डेझर्ट रोझ) आहे. डिसेंबर लागल्यापासून पानं पिवळी पडून गळत आहेत, आणि बुंधाही मऊ लागतो. पाणी कमी पडत असेल म्हणून दिवसाआड घालते आहे. झाड वाचेल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : पाणी आजपासून बंद करा. अडेनियम मूळचं पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातलं. रात्री सलग १५ अंशांखाली जाऊ लागल्या की ते पानं टाकून विश्रांती घेतं, आणि निफाडला तर पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. त्यामुळे पानगळीची काळजी नको. पण पानं गेली की झाड पाणी जवळजवळ ओढतच नाही. घातलेलं पाणी मुळाशी साचतं आणि गार, ओल्या मातीत मुळं कुजतात.

काळजी आहे ती मऊ बुंध्याची. तहानेनं बुंधा सगळीकडून सारखा मऊ होतो, दाबला की रबरासारखा लागतो, थोड्या सुरकुत्या पडतात, पण सालीचा रंग बदलत नाही. कुजलेला बुंधा बहुधा एकाच बाजूनं खचतो. तिथे साल तपकिरी होते, बोट आत जातं, वास येतो. दिवसाआड पाणी मिळालेल्या झाडात कूज असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून वाट न पाहता झाड कुंडीतून काढा.

चीक विषारी आहे, हातमोजे घाला. माती झटका. सुरी स्पिरिटनं पुसून कुजलेला भाग कापत जा, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. आतला गर पूर्ण पांढरा, घट्ट दिसेपर्यंत थांबू नका. तपकिरी ठिपका राहिला तर कूज तिथूनच परत सुरू होते. चीक टिपून घ्या आणि कापावर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची भुकटी कोरडीच चोळा. मग झाड सावलीत, हवेशीर जागी उलटं टांगून दहा-बारा दिवस वाळू द्या. जखम टणक झाली की कोरड्या मिश्रणात नुसतं रोवून ठेवा. पहिलं पाणी फेब्रुवारीअखेर नवे कोंब दिसल्यावरच. तोवर जागा घरातली, खिडकीच्या उन्हातली.

मिश्रणात एक भाग माती, दोन भाग जाडी वाळू किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि अर्धा भाग जुनं शेणखत. तुमच्याकडची काळी माती मात्र अजिबात नको, ती आठवडाभर ओल धरते.

बुंधा शाबूत निघाला तर उत्तमच. मग महिन्यातून एकदा, सकाळी अकराच्या सुमारास, अर्धा लिटर पाणी पुरे. खत, छाटणी, कुंडी बदलणं सगळं मार्चपर्यंत थांबवा. मुंबई-कोकणात रात्री इतक्या गार नसतात, तिथे अडेनियम पानं राखून असतं. अशा झाडाचं पाणी तोडू नये, माती सुकली की घालावं.

प्रश्न : हिवाळ्यात सक्युलंटना (पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांना) पाणी देऊ नये असं इंटरनेटवर वाचून नोव्हेंबरपासून एचेव्हेरिया आणि हॉवर्थिया कोरड्या ठेवल्या. आता पानं सुरकुतली आहेत, आणि पाणी घातलं तर लगेच खालून वाहून जातं.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो सल्ला बर्फ पडणाऱ्या, अंधाऱ्या हिवाळ्याच्या देशांसाठी आहे. पुण्यात दिवसा २८-३० अंश आणि स्वच्छ ऊन असतं. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली एचेव्हेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतली हॉवर्थिया आपल्याकडे याच दिवसांत वाढतात. त्यांना जपायचं ते एप्रिल-मेच्या उन्हात आणि पावसाळ्यात.

पाणी वाहून जातं कारण नर्सरीतली रोपं बहुतेक निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात. कोकोपीट पूर्ण सुकलं की आक्रसतं, पाणी धरत नाही, आणि ते कडेच्या फटीतून निसटतं. कुंडी पाण्याच्या परातीत २० मिनिटं ठेवा, वरची माती ओलसर झाली की काढून निथळू द्या. पानं दोन-चार दिवसांत भरतील. पुढे अगरबत्तीची उरलेली काडी तळापर्यंत खुपसा. कोरडी निघाली तरच पाणी. चार इंची कुंडीला हे आठ-दहा दिवसांनी येतं. पाणी मातीत घाला, एचेव्हेरियाच्या पानांच्या कमळात साचू देऊ नका.

सर्वांत खालची पानं कागदासारखी वाळणं किंवा पानांच्या कडा लालसर होणं बिघाड नाही. बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक टिपा, पाच दिवसांनी पुन्हा. एचेव्हेरियावर नीमतेल फवारू नका, पानांवरची पांढरी मेणाची साय निघून जाते आणि त्या पानावर परत येत नाही.

प्रश्न : खिडकीतल्या जेड या सक्युलंटच्या फांद्या लांबुळक्या होऊन वाकल्या आहेत, पानंही गळतात. खिडकीखालीच हीटर आहे.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्याकडे मात्र पाणी तोडायलाच हवं. उजेड कमी आणि खालून ऊब, म्हणून झाड वाढतं पण वाढ लुळी होते. हीटरपासून हलवून १० ते १५ अंशांच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवा. काचेला पान टेकू देऊ नका, गोठलेल्या काचेला लागलेलं पान काळं पडतं. पाणी तीन-चार आठवड्यांनी, पानं किंचित मऊ झाल्यावर. खिडकीत ऊन येतच नसेल तर फूटभर वर एलईडी ग्रो लाइट रोज १२ तास लावा. लांबलेल्या फांद्या एप्रिलमध्ये छाटा. कापलेले तुकडे आठवडाभर सावलीत वाळवून लावले की सहज मुळं धरतात.