ईगल फोरमसारखी ‘घरी बसलेल्या बायकां’ची संघटना कायदे कशी काय अडवते?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतली ईगल फोरम ही पुराणमतवादी संघटना नेमकं काय मागते, आणि ‘घरी बसलेल्या बायकां’च्या जिवावर ती कायदे कशी अडवते. यातल्या ‘घरी बसलेल्या’ या शब्दांनी मला लिहायला बसवलं. २००९ ते २०१५ मीही घरी बसलेली बाई होते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी मागण्या उरकते. गर्भपाताला विरोध, अवैध स्थलांतरितांना माफी देण्याला विरोध, संयुक्त राष्ट्रांच्या करारांना विरोध, शाळांतल्या ‘कॉमन कोअर’ या समान शिक्षण-निकषांना विरोध, नवी घटनापरिषद बोलावण्यालाही विरोध. ‘विरोध’ हा शब्द मोजत बसू नका, तोच या संघटनेचा पिंड आहे. २०१२ मध्ये अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार सिनेटमध्ये आला तेव्हा नव्वदीला टेकलेले माजी सिनेटर बॉब डोल त्याच्या पाठिंब्यासाठी चाकाच्या खुर्चीत बसून सभागृहात आले होते. तरी ६१ विरुद्ध ३८ असा तो पडला, कारण दोन तृतीयांश मतं लागत होती. विरोध करणाऱ्यांत या बायकाही होत्या. मला ती भूमिका तेव्हाही लाज वाटावी अशी वाटली, आजही वाटते.

पण त्यांची खरी लढाई समान हक्क दुरुस्तीविरुद्धची, म्हणजे ईआरएविरुद्धची. कायद्यापुढे स्त्री-पुरुष भेद नको, एवढंच सांगणारी घटनादुरुस्ती. मार्च १९७२ मध्ये सिनेटमध्ये ८४ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाली. आता ५० पैकी ३८ राज्यांनी होकार द्यायचा, आणि वर्षभरात तीस राज्यांनी दिलाही. तेवढ्यात इलिनॉयमधल्या ऑल्टन गावच्या फिलिस श्लाफ्ली उभ्या राहिल्या. सहा मुलांची आई. त्यांनी ‘स्टॉप ईआरए’ काढली, १९७५ मध्ये ईगल फोरम. मुलींना सैन्यात सक्तीने नेतील, नवऱ्यावरची बायकोला पोसण्याची जबाबदारी जाईल, विधवेच्या पेन्शनवर गदा येईल, स्वच्छतागृहं एक होतील, असा प्रचार. गणित मात्र पक्कं होतं: देश जिंकायची गरजच नाही, १३ राज्यं अडवली की झालं. ३५ वर गाडी थांबली आणि जून १९८२ मध्ये मुदत संपली.

(श्लाफ्लीबाई भाषणाच्या सुरुवातीला नवऱ्याचे आभार मानायच्या, मला येऊ दिलं म्हणून. बाई हार्वर्डकडच्या एम. ए., तरुणपणी दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून शिकलेल्या, दोनदा काँग्रेसची निवडणूक लढवून हरलेल्या, पुढे कायद्याचीही पदवी घेतलेल्या. ‘साधी गृहिणी’ ही त्यांची नऊवारी होती, कार्यक्रमापुरती नेसायची.)

आता माझी गोष्ट. आम्ही मिसिसिपी नदीच्या इलिनॉयकडच्या बाजूला राहतो, ऑल्टनहून फार लांब नाही. मी कोल्हापूरला फार्मसी कॉलेजात शिकवायचे. इथे आले ती एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट. नोकरी करायला बंदी. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहायच्या. दर गुरुवारी पाव भाजायच्या आणि एक आमच्या दाराशी ठेवायच्या, म्हणून माझी मुलं त्यांना पावआजी म्हणायची. हा पाव कुठून आला ते मला तीन वर्षांनी कळलं. सत्तरच्या दशकात ‘स्टॉप ईआरए’च्या बायका घरचा पाव आणि जॅम घेऊन स्प्रिंगफील्डच्या विधानभवनात जायच्या आणि प्रत्येक आमदाराच्या हातात ठेवायच्या. पावआजी त्यातल्याच.

त्यांच्या स्वयंपाकघरात पाककृतींच्या कार्डांचा एक पत्र्याचा डबा होता. वर केळ्याचा केक, मीटलोफ वगैरे. मागच्या अर्ध्यात आमदार. माणशी एक कार्ड: नाव, मतदारसंघ, बायकोचं नाव, चर्च कुठलं, मागच्या वेळी मत कुठे दिलं, विधानभवनातल्या कठड्याशी उभं राहून बोलताना काय म्हणाला. एका कार्डावर पेन्सिलीने लिहिलेलं मी स्वतः वाचलंय: ‘मधुमेह. जॅम नको, पाव चालेल.’

इलिनॉयच्या विधानसभेत तेव्हा १७७ जण होते आणि ईआरएच्या ठरावाला तीन पंचमांश मतं, म्हणजे १०७ लागत. जून १९८० मध्ये ठराव आला तेव्हा पावआजी वर गॅलरीत होत्या. १०२ बाजूने, ७१ विरोधात. बहुमत असूनही पाच मतांनी पडला. त्या पाच जणांची कार्डं त्यांनी मला वेगळी काढून दाखवली होती. तीच पाच का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली. त्याच १९७२ मध्ये मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना एकत्र केलं, आणि गोरेगावची माझी आई लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती. पावआजींना लाटणं बघायचं होतं. मी आमचं नेऊन दाखवलं. त्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, वजन चांगलं आहे.

मे २०१४ मध्ये सरकारने प्रस्ताव मांडला, की ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्यांच्या एच-४ जोडीदारांना कामाची परवानगी द्यावी. हरकती-सूचनांना ६० दिवस. आमच्या मंडळाची एका घराच्या तळघरात बैठक झाली. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, एक छापील मजकूर तयार करून आणला होता. नाव-गाव बदला आणि पाठवा. मी म्हटलं, एकसारखी पत्रं तिथे गठ्ठा करून बाजूला ठेवतात, प्रत्येकीने आपलं आपलं लिहायला हवं. कुणी सांगितलं? शेजारच्या आजींनी. त्यावर भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, ती बाई आपल्या विरोधातली. आणि पाव भाजून कायदे होत नसतात.” तळघर हसलं. नवराही हसला, हे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन पावआजींकडे गेले. खरं तेच सांगितलं, की तुमची संघटना ज्याच्या विरोधात आहे तेच मी मागतेय. श्लाफ्लीबाई एच-१बी या नोकरीच्या व्हिसाविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत होत्या, त्यांच्या मते आम्ही अमेरिकनांच्या नोकऱ्या खाणारे. पावआजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग चष्मा लावला आणि पेन्सिलीने माझा पहिला परिच्छेद आडवा कापला. ‘मी उच्चशिक्षित असून’ अशी सुरुवात होती. म्हणाल्या, उच्चशिक्षित सगळेच असतात. गेल्या मंगळवारी नऊ ते तीन काय केलंस ते लिही.

मंगळवारी मी डबे घासले होते, धाकट्याला शाळेत सोडलं होतं आणि चालत ग्रंथालयात गेले होते. वाटेत औषधाच्या दुकानाच्या काचेवर ‘मदतनीस पाहिजे’ अशी पाटी होती. फार्मसीत एम. फार्म. झालेली मी त्या पाटीसमोर उभी राहून ती दोनदा वाचली आणि घरी आले. तेवढंच लिहिलं. एक पान. पहिल्या ओळीत मी कुठे राहते, शेवटच्या ओळीत एकच मागणी, कुणाला टोमणा नाही.

मग मंडळातल्या बायकांना एकेकीला फोन केला. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला नाही, फोन. तीन संध्याकाळी अकरा जणी माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, चिवडा खात आपापला मंगळवार लिहीत. एक जण लिहिता लिहिता रडायला लागली, ती तिकडे भूलतज्ज्ञ होती.

पावआजींनीही त्यांचं पत्र पाठवलं. विरोधात. मला वाचायला दिलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

नियम २६ मे २०१५ पासून लागू झाला. आमच्या अकरा पत्रांनी झाला असं मी म्हणत नाही. सूचना जवळपास १३ हजार आल्या होत्या आणि सरकारला तो करायचाच होता. पण ‘कशी अडवते’ याचं उत्तर मला त्या डब्यात मिळालं. यांच्याकडे मतं कमी असतात, याद्या पक्क्या असतात. आमदाराला राष्ट्रीय सर्वेक्षण नको असतं, आपल्या मतदारसंघातली कोण बाई आपल्याला नावाने ओळखते ते त्याला कळतं. विरोधात मत दिलेल्यालाही आभाराचं कार्ड जातं, कारण पुढच्या वर्षी त्याच्याकडे पुन्हा जायचं असतं. आपली सुशिक्षित मंडळी सहीमोहिमेची लिंक पाठवून हात झटकतात आणि मग पाववाल्या बायकांना हसतात. चाळीस जणांनी तो छापील मजकूर पाठवला होता, भावजी आकडा अभिमानाने सांगतात.

काही गोष्टी राहिल्या. सगळं श्रेय पावाला देऊ नका, मागे चर्चचं मोठं जाळं होतं, आणि तीन पंचमांशांचा नियम नसता तर इलिनॉयने केव्हाच होकार दिला असता. ईगल फोरमही आता तशी राहिलेली नाही. २०१६ मध्ये श्लाफ्लीबाईंनी ट्रम्पना पाठिंबा दिला, त्यावरून संचालक मंडळात फूट पडली, सख्खी मुलगी विरुद्ध गटात, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच सप्टेंबरात बाई वारल्या आणि आज त्यांच्या नावाची दुसरी संघटना वेगळी आहे. आणि इलिनॉयने ३० मे २०१८ रोजी ईआरएला होकार दिला, ७२ विरुद्ध ४५. विधानसभा आता ११८ जणांची, ७१ लागत होती. ठराव समितीपुढे आला तेव्हा मी बाजूने नोंद केली होती. पावआजी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. डबा त्यांच्या मुलीने मला दिला. केळ्याच्या केकचं कार्ड तेवढं तिने ठेवून घेतलं.

भावजींना माझं अजूनही पटत नाही. गेल्या दिवाळीला त्यांनी आम्हा सगळ्यांना शुभेच्छांचा एकच मजकूर पाठवला. खाली मूळ पाठवणाऱ्या कुणा जोशी कुटुंबाचं नाव तसंच राहिलं होतं.