निनावी पी-टू-पी नेटवर्कचा नोड लोड वाढला की अडकतो, मेसेज हँडलिंग कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार दर कनेक्शनला एक थ्रेड (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा धागा) आहे. तो जेसॉन (मजकुराच्या रूपातला डेटा) वाचतो, मेसेजचा प्रकार बघतो आणि तिथल्या तिथे पुढच्या पीअरला, म्हणजे जोडलेल्या नोडला, लिहून टाकतो. थोड्या नोडवर नीट चालतं, लोड आला की सगळे गप्प.

घोटाळा त्या 'तिथल्या तिथे' मध्ये आहे. अ, ब, क असे तीन नोड धरा. ब चा बफर (येणारा डेटा साठवायची जागा) भरला की त्याला लिहिणाऱ्या अ चं वाचन थांबतं. ब असाच क साठी खोळंबला आणि क अ साठी, की झालं, तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. वाचणाऱ्या थ्रेडने लिहिण्यासाठी कधीच थांबू नये. दर पीअरला बाहेर जाणारी मर्यादित रांग ठेवा, भरली तर मेसेज टाकून द्या. जिवावर येतं, पण हरवलेलं पुन्हा पाठवणं हे दोन टोकांचं काम. आयटूपी या निनावी नेटवर्कमध्येही मधला नोड त्यात पडत नाही. रांगेत १,०२८ बाइटचे ६४ मेसेज ठेवले तर ६६ केबी. २,००० पीअर धरले तरी १३२ एमबी.

१,०२८ हे आयटूपीच्या टनेल (अनेक नोडमधून जाणारा तात्पुरता मार्ग) मेसेजचं माप: ४ बाइट टनेल आयडी, १६ बाइट आयव्ही (एन्क्रिप्शनची सुरुवातीची किंमत), १,००८ बाइट एन्क्रिप्टेड मजकूर. जेसॉन सोडाच, त्यात प्रत्येक मेसेजची लांबी वेगळी. ३४० बाइट आत आले आणि लगेच ३४० बाहेर गेले, तर लाइनवर नजर ठेवणाऱ्याला एन्क्रिप्शन फोडायची गरजच उरत नाही. सगळे मेसेज एका मापाचे करा, उरलेली जागा रँडम बाइटने भरा. आणि टीसीपीची एक रीड म्हणजे एक मेसेज नव्हे. ही चूक लोकलहोस्टवर, म्हणजे एकाच मशीनवर चाचणी करताना, सहसा दिसतच नाही.

तपासण्या स्वस्तापासून सुरू करा: आयडी तक्त्यात आहे का, तो याच पीअरकडून यायला हवा होता का, टनेलची मुदत (आयटूपीत १० मिनिटं) संपली का, मेसेज आधी येऊन गेलाय का. एईएस, म्हणजे एन्क्रिप्शनचं महागडं काम, त्यानंतर.

'आधी येऊन गेलाय का' ही तपासणी बरेच जण गाळतात. मग हल्लेखोर जुना मेसेज पुन्हा सोडतो आणि तो कुठून बाहेर पडतो ते बघत बसतो. आयटूपी आयव्ही आणि मजकुराचा पहिला १६ बाइटचा ब्लॉक यांचा एक्सऑर (बिटवार जुळवणी) ब्लूम फिल्टरमध्ये ठेवते. हा थोड्या जागेत 'हे आधी आलंय का' सांगणारा तक्ता, पण कधीकधी नव्यालाही चुकून 'हो' म्हणतो. फिल्टरला जागा देताना कंजुषी नको. सेकंदाला २०० मेसेज म्हणजे १० मिनिटांत १,२०,०००. दर मेसेजला १० बिट दिले तर फिल्टर भरत आला की शंभरातला जवळपास एक खरा मेसेज फुकट जातो, तोही प्रत्येक नोडवर. २९ बिट दिले तर दहा लाखांत एक, आणि खर्च अवघा ४३५ केबी. असे दोन ठेवून आलटून पालटून रिकामे करा, म्हणजे मुदतीच्या सीमेवर फट राहत नाही.

तपासणी फसली की उत्तर देऊ नका. 'टनेल सापडला नाही' हा सभ्य एरर म्हणजे चाचपडणाऱ्याच्या हातात नकाशा. फक्त एकूण काउंटर वाढवा. लॉगमध्ये आयडी नको. मोठ्या मेसेजचे तुकडे जोडणाऱ्या टनेलच्या शेवटच्या नोडवर मात्र मेमरीची मर्यादा आणि टाइमआउट दोन्ही लावा, नाहीतर नुसते पहिले तुकडे पाठवूनही कोणी तो पाडेल.