एडिसनला राहायला जाताय? शेजार मिळेल, पण जरा वेगळा

नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत, घर मिडलसेक्स काउंटीत बघताय, आणि तिथे माणसं एकमेकांकडे येतात-जातात की दार लावून बसावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. मी चौदा वर्षं त्याच काउंटीतल्या एडिसनमध्ये राहतेय. येतात-जातात, पण आधी मेसेज करून. न कळवता बेल वाजली की आमच्याकडे पहिला संशय सोलर पॅनल विकणाऱ्याचा.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. २०२०च्या जनगणनेत मिडलसेक्सची वस्ती ८ लाख ६३ हजार होती. पण त्यात २५ गावं आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा, महापौर वेगळा. म्हणून 'मी मिडलसेक्सची' असं कुणी म्हणत नाही. मेटचन हे गाव तर चारही बाजूंनी एडिसनने वेढलेलं, तरी तिथल्या माणसाला एडिसनचा म्हणून बघा, लगेच दुरुस्ती करेल.

ओक ट्री रोडबद्दल ऐकलंच असेल. एडिसन आणि आयसेलिनमधून जाणारा हा रस्ता म्हणजे साड्या, सोनं, चाट, ताजी मेथी. पहिल्या वर्षी मी दर शनिवारी जायची. आता पार्किंगच्या धास्तीने महिन्यातून एकदा. त्या गर्दीत जिवाला बरं वाटतं हे खरं, पण तिथे माझी एकही ओळख झाली नाही.

ओळखी झाल्या शाळेच्या बसथांब्यावर. आमच्याकडे किंडरगार्टनच्या मुलाला घ्यायला मोठं माणूस हजर नसेल तर बस त्याला परत शाळेत नेते. त्यामुळे रोज दुपारी पावणेचारला कोपऱ्यावर आमची ठरलेली टोळी: एक तेलुगू आजोबा, दोन गुजराती जावा, एक फिलिपिनो नर्स, आणि कानात फोन लावून येणारा एक बाबा. पहिला महिना नुसतं 'हाय'. मग थंडीच्या गप्पा, मग सासू-सासऱ्यांच्या व्हिसाच्या. मला अपेंडिक्ससाठी रात्री हॉस्पिटलात नेलं तेव्हा मुलीला सांभाळलं त्या नर्सने. तोवर मी तिच्या घरात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

आता बर्फ. घरासमोरचा फूटपाथ साफ करणं घरमालकाचं काम. पहिल्या बर्फात आम्ही दोघं स्वयंपाकघरातला मिठाचा डबा घेऊन बाहेर! समोरचे सत्तरीचे गृहस्थ थोडा वेळ बघत राहिले, मग बर्फ उडवायचं मशीन ढकलत आले आणि एक शब्द न बोलता आमचा ड्राइव्हवे मोकळा करून गेले. संध्याकाळी मी शिरा नेऊन दिला. ऑगस्टमध्ये आमच्या पायरीवर टोमॅटोची पिशवी. हे आजतागायत चालू आहे, आणि अजून ते आमच्या उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत. आई फोनवर म्हणते, "हा कसला गं शेजार?" मला तर हा पक्का शेजार वाटतो.

मराठी मंडळींचं म्हणाल तर 'मराठी विश्व' ही न्यू जर्सीतली जुनी संस्था. बृहन्महाराष्ट्र मंडळ म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची एकत्रित संस्था; तिचं २०२२चं अधिवेशन अटलांटिक सिटीत झालं, त्याचं यजमानपद त्यांच्याकडे होतं. अशा कार्यक्रमांना प्रेक्षक म्हणून गेलात तर जेवून परत याल. मीही दोन गणपती असेच घालवले. तिसऱ्या वर्षी जेवणाच्या टेबलामागे वाढायला उभी राहिले. मसालेभात संपत आला म्हणून चार बायका घामाघूम होऊन भांडल्या, त्यातल्या दोघी आज माझ्या घराच्या किल्ल्या बाळगून आहेत.

हे सगळं आयतं मिळालेलं नाही, एवढं मात्र लक्षात असू द्या. १९९०च्या दशकात एडिसनच्या नवरात्रीतल्या गरब्यावर टाउनशिपने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, वेळेची बंधनं घातली तेव्हा आयोजक फेडरल कोर्टात गेले होते. आज एडिसनमध्ये निम्म्याच्या आसपास लोक आशियाई वंशाचे आहेत आणि २०२१च्या निवडणुकीत सॅम जोशी महापौर झाले. तरी टाउनशिपच्या सभेत बोलायला उभे राहणारे आपले लोक कमीच. प्रॉपर्टी टॅक्सवर घरी तासभर बोलतील, तिथे तीन मिनिटंही नाही. त्या टॅक्सचा मोठा वाटा शाळांना जातो, तेव्हा निदान शाळेच्या बजेटच्या सभेला तरी जा. फुकट करमणूक होते, वर गल्लीतली माणसं चेहऱ्याने कळतात.

उन्हाळ्यात एडिसनच्या रूझवेल्ट पार्कमध्ये काउंटीतर्फे उघड्यावर इंग्रजी संगीत नाटकं होतात, १९६३पासून. खुर्ची, शाल आणि डास पळवायचं मलम घेऊन जा. सासू-सासरे आले तर त्यांनाही न्या. माझ्या सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण नाटक संपल्यावर शेजारच्या बाईंनी त्यांना कुकी दिली आणि यांनी पर्समधली सुपारी पुढे केली. ती त्या बाईंनी खाल्लीही.

एक कळकळीचं सांगते: येताच गाडी शिकायला लागा. लायसन्स नव्हतं ते पहिले सात महिने माझे सगळ्यात एकटे गेले, माणसं जवळ असूनही. घर बघायला जाल तेव्हा शाळा सुटायच्या वेळी त्या कोपऱ्यावर गाडी थांबवून बघा, बसथांब्यावर कितीजण आहेत आणि बोलतायत की नुसते फोनमध्ये आहेत. आणि बर्फ वितळवायचं मीठ नोव्हेंबरातच आणून ठेवा, वादळाचा इशारा आला की दुकानात एक पिशवी उरत नाही.