वाचकांचे प्रश्न : प्रकाशाने जिवाणू मारणारे नॅनोपदार्थ

प्रश्न : आमच्या सोसायटीपुढे एका विक्रेत्याने प्रस्ताव ठेवला आहे. लिफ्टची बटणे, जिन्याचे कठडे आणि पॅसेजच्या भिंती यांवर ‘नॅनो कोटिंग’ फवारले की प्रकाश पडताच ९९.९ टक्के जिवाणू मरतात आणि एकदा केलेले काम काही वर्षे टिकते, असे त्याचे म्हणणे आहे. सर्वसाधारण सभेत यावर बराच वाद झाला. यात शास्त्रीय तथ्य किती आहे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तत्त्वात तथ्य आहे, तुमच्या पॅसेजमध्ये त्यातले किती उरेल, हा खरा प्रश्न आहे. अशा लेपांत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असतात. त्यांवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर उडी घेतात, त्यांच्या जागी धनभारित पोकळ्या राहतात, आणि हे दोन्ही मिळून कणाला लगटून असलेल्या पाण्याच्या व ऑक्सिजनच्या रेणूंपासून हायड्रॉक्सिल मूलके, सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असे कमालीचे क्रियाशील पदार्थ तयार करतात. जिवाणूच्या आवरणातील मेद आणि प्रथिने त्यांच्या तावडीत सापडली की आवरण फाटते आणि आतील द्रव्य बाहेर झिरपते. कण जितके बारीक, तितके तेवढ्याच वजनात पृष्ठफळ अधिक. नॅनो आकाराचा लाभ मुख्यतः एवढाच. हे ज्ञान नवे नाही. जपानमधील फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली याच पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखवले, आणि १९८५ साली मात्सुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमची जोड दिलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांनी प्रकाशात ई. कोलायसारखे जिवाणू मरतात, हे सिद्ध केले.

आता ‘पुरेशा ऊर्जेचा प्रकाश’ या शब्दांकडे वळू, कारण सगळी मेख तिथेच आहे. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅनाटेज प्रकारातील टायटॅनियम डायऑक्साइडला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी साधारण ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी असावी लागते. हा अतिनील पट्टा आहे. उन्हात त्याचा वाटा थोडा असला तरी पुरेसा असतो. तुमच्या पॅसेजमध्ये मात्र आता बहुधा पांढरे एलईडी दिवे असतील. त्यांचा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या किरणांवर आधारलेला असतो आणि त्यात अतिनील भाग जवळपास नसतोच. दिवा कितीही लख्ख असला, तरी साधा टायटॅनियमचा लेप त्याखाली निष्क्रियच राहतो.

गंमत अशी की हा पदार्थ तुमच्या भिंतींवर आजही आहे. पांढऱ्या रंगाला पांढरेपणा देणारे रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच. पण रंग तयार करणारे त्याच्या कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचे पातळ कवच मुद्दाम चढवतात, कारण ते उघडे राहिले तर उन्हात रंगातील बंधकद्रव्यच खाऊ लागतात आणि हात लावला की भिंतीची पांढरी भुकटी हाताला लागते. जो लेप जिवाणूंना खरोखर मारतो, तो स्वतःला धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय बंधकालाही पोखरतो. म्हणूनच ‘प्रभावीही आणि वर्षानुवर्षे टिकणाराही’ असा दावा करणाऱ्याला बंधक कोणता वापरला आहे, हे आधी विचारावे.

दृश्य प्रकाशात काम करणारे पदार्थ नाहीत, असे नाही. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून त्याला दृश्य प्रकाशात जागे करण्याचे तंत्र २००१ पासून ज्ञात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली क्रिस्टल व्हायोलेट हा रंग आणि सोन्याच्या मोजक्या अणूंचे पुंजके एकत्र करून मंद पांढऱ्या प्रकाशातही जिवाणू मारणारा पृष्ठभाग तयार केला. विक्रेत्याचा लेप या जातीचा असेल, तर त्याने तसे कागदावर दाखवावे.

कागद म्हणजे चाचणी-अहवाल. अतिनील प्रकाशातील चाचणीसाठी आयएसओ २७४४७ आणि घरातील दिव्यांच्या प्रकाशासाठी आयएसओ १७०९४ अशी वेगवेगळी मानके आहेत. पहिल्याचा अहवाल दाखवून दुसऱ्या परिस्थितीचा दावा करता येत नाही. अहवालात प्रकाशाची तीव्रता आणि वेळ पाहावी, तसेच लेप लावून अंधारात ठेवलेल्या नमुन्याचे आकडेही पाहावेत. अंधारातही तेवढेच जिवाणू मेले असतील, तर ते काम प्रकाशाचे नसून लेपात घातलेल्या चांदीचे किंवा अन्य रसायनाचे आहे. ९९.९ टक्के म्हणजे दहा लाखांतील एक हजार जिवाणू शिल्लक, आणि तेही बहुधा काही तासांनी. लिफ्टचे बटण तर मिनिटामिनिटाला दाबले जाते. शिवाय हायड्रॉक्सिल मूलके काही नॅनोमीटरपलीकडे जगत नाहीत, त्यामुळे बटणावर हाताच्या तेलाचा आणि बांधकामांच्या धुळीचा थर साचला की जिवाणू थरावर आणि लेप थराखाली, अशी स्थिती होते.

फवारणीच्या वेळी बारीक कण श्वासात जाऊ देऊ नयेत. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. माझे मत विचाराल, तर हा खर्च टाळून साबणाच्या पाण्याने नेमाने पुसण्यासाठी माणूस लावावा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह असून पायाची जखम भरत नाही. बहुतेक प्रतिजैविके लागू पडत नाहीत, असा तपासणीचा अहवाल आहे. प्रकाश आणि नॅनोकण वापरून असे जिवाणू मारता येतात, असे वाचले. एका स्नेह्यांनी हळदीचा लेप लावून निळा दिवा धरण्यास सुचवले आहे. करावे का?
— एक वाचक भगिनी, हडपसर

उत्तर : घरी हे मुळीच करू नका. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते; दिव्याने भाजले तरी त्यांना कळणार नाही. हळदीतील कर्क्युमिन निळ्या प्रकाशात जिवाणूंना मारते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु ते शुद्ध, मोजून विरघळवलेले कर्क्युमिन होते. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि पाण्यात नीट विरघळतही नाही.

रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या जोडीने सूक्ष्मजीव मारण्याची मूळ पद्धत शतकाहून जुनी आहे. म्युनिकमध्ये ऑस्कार राब या विद्यार्थ्याला १९०० साली आढळले की अॅक्रिडीन या द्रव्याने पॅरामीशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात मात्र तेवढ्याच मात्रेत तगून राहतात. आज दंतवैद्यकात हिरड्यांच्या खोबणीत मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य घालून त्यावर लाल लेझर टाकण्याची पद्धत नेहमीच्या सफाईला जोड म्हणून वापरली जाते. नॅनोपदार्थांनी त्यात भर घातली आहे : अवरक्ताजवळच्या किरणांनी तापणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कांड्या, किंवा रंगद्रव्य जिवाणूपर्यंत वाहून नेणारे सिलिकाचे कण. मात्र निळा प्रकाश त्वचेत जेमतेम एक मिलिमीटर शिरतो, तर लाल आणि अवरक्ताजवळचा काही मिलिमीटर. संसर्ग हाडापर्यंत गेला असेल, तर तिथे प्रकाश पोहोचणारच नाही. आणि जो उपाय जिवाणूचे आवरण फाडतो, तो मात्रा चुकल्यास नव्याने भरू पाहणाऱ्या पेशींनाही सोडत नाही. वडिलांना मधुमेही पायाची जखम हाताळणाऱ्या शल्यचिकित्सकांकडे न्या. मृत ऊती काढणे, पायावरचा भार कमी करणे, रक्ताभिसरण तपासणे आणि साखर आटोक्यात आणणे यांना सध्या पर्याय नाही.

प्रश्न : माझे आजोबा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. पेनिसिलिनला जिवाणू सरावले, तसे प्रकाशालाही सरावणार नाहीत का? बारावीच्या प्रकल्पासाठी यावर एखादा प्रयोग करता येईल का?
— एक विद्यार्थी, पिंपरी

उत्तर : १९५४ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात बनणाऱ्या पेनिसिलिनचे लक्ष्य ठरलेले होते : जिवाणूची भिंत बांधणारी विकरे. ती विकरे बदलली किंवा पेनिसिलिन तोडणारे विकर तयार केले, की जिवाणू सुटला. प्रकाशामुळे तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन मात्र मेद, प्रथिने आणि डीएनए यांवर एकाच वेळी तुटून पडतो, त्यामुळे सुटकेची वाट शोधणे अवघड जाते. अवघड म्हणजे अशक्य नव्हे. असा ऑक्सिजन निकामी करणारी कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही विकरे जिवाणूंकडे आधीपासून असतात, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसला त्याचा सोनेरी रंग देणारे द्रव्य याच हल्ल्यापासून त्याचे रक्षण करते.

जिवाणू वाढवण्याच्या भानगडीत पडू नकोस. प्रयोगशाळेतील अॅनाटेज भुकटी चिमूटभर घेऊन, ती हवेत न उडवता, मिथिलीन ब्लूच्या अगदी फिकट द्रावणात मिसळ. असे दोन चंचुपात्र तयार कर आणि तिसऱ्यात नुसते द्रावण ठेव. भुकटीचे एक पात्र अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळ आणि तिन्ही अर्धा तास अंधारात राहू दे, कारण काही रंग प्रकाशाविनाही कणांना चिकटतो आणि तो प्रकाशाच्या खात्यावर जमा होता कामा नये. मग तिन्ही पात्रे उन्हात ठेवून, मधूनमधून ढवळून, दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकातील थोडे द्रावण गाळून रंगाची तुलना कर. जमल्यास चौथ्या पात्रात रंगाच्या दुकानातले पांढरे रंगद्रव्य वापर आणि त्यातला निळा रंग इतका हळू का जातो, ते वहीत लिही.