एअरलाइन युनियनच्या कॉन्ट्रॅक्टमधली साइड लेटर्स मेंबरला बघायला मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत एअरलाइनमध्ये नवीन लागलाय, कॉन्ट्रॅक्टचं पुस्तक हातात पडलं, पण जुनी मंडळी म्हणतात खरं काय ते साइड लेटरमध्ये (म्हणजे कंपनी आणि युनियनने पुस्तकाबाहेर केलेले छोटे जोडकरार), तर ती मागितली तर देतात का. बहुतेक वेळा देतात हो, पण कुठलं लेटर मागायचं हे आधी माहीत पाहिजे ना, तिथेच गोची आहे.

मी मेकॅनिक, नाइट शिफ्ट. एकदा दुसऱ्या स्टेशनला बंद पडलेल्या विमानावर पाठवलं, फील्ड ट्रिप म्हणतात त्याला, परत येताना एअरपोर्टवर सहा तास ताटकळलो, पुस्तकाप्रमाणे त्याचा ओव्हरटाइम लावला तर पेरोलने कापला. ग्रीव्हन्स, म्हणजे युनियनमार्फत लेखी तक्रार, टाकली. दोन आठवड्यांनी स्टुअर्ड (युनियनचा कामावरचा प्रतिनिधी) ब्रेकरूममध्ये एक कागद घेऊन आला, झेरॉक्सची झेरॉक्स, डावीकडची अक्षरं उडालेली, खाली एक सही कंपनीची एक युनियनची, की वेटिंग टाइम साध्या रेटने. तारीख मी जॉइन व्हायच्या नऊ वर्षं आधीची! म्हटलं हे पुस्तकात कुठंय, तर म्हणे पुस्तकात नाही, फाइलला आहे. कोणाच्या फाइलला ते काही सांगेना.

यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. इथे एअरलाइन्सना १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट लागतो (१९३६ पासून) आणि त्यात कॉन्ट्रॅक्ट संपतच नाही, तारीख उलटली की नुसतं 'अमेंडेबल', म्हणजे बदल मागता येण्याजोगं, होतं आणि नवीन होईपर्यंत जुनंच चालू, कधीकधी वर्षानुवर्षं. मधे नवीन विमान आलं, शिफ्ट बदलल्या की दोघं बसून एक लेटर ऑफ ॲग्रीमेंट, म्हणजे साइड लेटरच, करून मोकळे होतात, आणि त्याला मेंबरांचं मतदान पाहिजेच असं फेडरल कायदा म्हणत नाही, ते तुमच्या युनियनच्या घटनेवर, म्हणजे तिच्या नियमावलीवर. म्हणून ती घटना आधी वाचा. अजून एक जात म्हणजे 'नॉन-प्रिसिडेंट' (non-precedent) सेटलमेंट, म्हणजे ग्रीव्हन्सवरची तडजोड, पुढे कोणी दाखला द्यायचा नाही या अटीवर केलेली, ती तर ड्रॉवरमधून बाहेर येतच नाहीत.

कायदा तुमच्या बाजूने आहे, १९५९ चा लँड्रम-ग्रिफिन ॲक्ट, कलम १०४. ज्याच्या हक्कांवर कराराचा थेट परिणाम होतो त्याने मागितलं की युनियनने कॉपी द्यायची, तो मेंबर नसला तरी. पण शब्द 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग ॲग्रीमेंट' (युनियन-कंपनीचा सामूहिक करार) एवढाच आहे, साइड लेटरचं नाव नाही, त्यामुळे वाद घालायला जागा राहते. तोंडी विचारू नका, ईमेल करा, आणि एखादं लेटर न मागता तुमच्या क्लासिफिकेशनला (कामाच्या वर्गाला) लागू असलेल्या सगळ्या लेटर्सची आणि एमओयूंची (सामंजस्य करारांची) तारखांसकट यादी मागा.

लोक एवढे संशयी का, तर २००३ आठवा. अमेरिकन एअरलाइन्समध्ये तिन्ही युनियननी मोठी पगारकपात मान्य केली आणि मतदान संपतंय तोवर बाहेर आलं की वरच्या अधिकाऱ्यांसाठी रिटेन्शन बोनस (कंपनी सोडू नये म्हणून दिलेला) आणि पेन्शनचा ट्रस्ट आधीच करून ठेवलाय. सीईओ डॉन कार्टीला त्याच एप्रिलमध्ये राजीनामा द्यावा लागला. ते काही साइड लेटर नव्हतं, पण मत देताना अर्धेच कागद समोर होते.

माझा ओव्हरटाइम गेला तो गेलाच. यादी मात्र तीन ईमेलनंतर आली, ४१ लेटर्स, त्यातली पुस्तकाच्या मागे छापलेली २६.